आधी ब्रेक, मग इंजिन

भंगारातल्या सुट्या भागांतून मोटर बसवलेली तीनचाकी किंवा आपल्या मापाची सायकल बांधायची म्हटली की बहुतेकांचं लक्ष आधी इंजिनाकडे जातं. कुठलं मिळालं, किती सीसीचं, किती पळेल, आवाज कसा येईल, हीच पहिली चौकशी. वसई पूर्वेच्या गाळ्यांमध्ये हे काम करताना माझं मत याच्या उलट बनत गेलं आहे. गाडी बांधायला घ्यावी ती थांबण्याच्या बाजूनं. पावसात भिजलेल्या रस्त्यावर, माणूस आणि ओझं धरून, ती कुठल्या वेगातून किती अंतरात थांबेल हे आधी ठरवावं. त्यावरून चाकं, चिमटा, सांगाडा ठरतो, आणि या सगळ्याला झेपेल एवढंच इंजिन किंवा मोटर शेवटी निवडायची. जुन्या ढंगाची गाडी नुसती दिसायला जुनी असून भागत नाही, तिचा वेगही जुनाच हवा. हे मी नाइलाजानं पाळायचं बंधन म्हणून सांगत नाही. माझ्या मते या कारागिरीचा पायाच तो आहे, आणि तो पाया सोडून बांधलेली गाडी कितीही देखणी असली तरी अर्धवट आहे.

असं काम वसई-विरारमध्ये करता येतं ते इथल्या जागेच्या रचनेमुळे. रेल्वेच्या पूर्वेला नवघर, गोखिवरे, वालीव, सातिवली या पट्ट्यात लहान गाळ्यांच्या वसाहती आहेत. एका गाळ्यात लेथ, शेजारी प्रेस, त्यापलीकडे पावडर कोटिंग. पाइप वाकवून देणारा, बुश टर्न करून देणारा, बफिंग मारणारा, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर, आणि त्यांच्या अधेमधे भंगारवाले. रेल्वेच्या पश्चिमेला गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, अर्नाळा अशी सपाटीवरची गावं, वाड्यांमधून जाणारे अरुंद रस्ते आणि भाजी, केळी, फुलं सायकलवरून न्यायची जुनी सवय. मागच्या पडवीत किंवा विहिरीच्या कडेला टेकवून ठेवलेली २८ इंची जड सायकल तिकडे अजून सापडते. एका अंगाला हत्यारं आणि हात, दुसऱ्या अंगाला जुना माल आणि गरज. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात सुटे भाग ढिगानं मिळतील, पण ते जोडायला एवढी जागा आणि जोडलेलं चालवून बघायला असे सपाट गल्लीरस्ते मिळणार नाहीत. मात्र याच समुद्रकाठच्या हवेचा एक हिशेब चुकता करावा लागतो. तो गंजाचा.

जुनी फ्रेम हातात आली की रंगाकडे बघू नये. सीट काढून सीटची नळी मोकळी करावी, फ्रेम उलटी धरून ठोकावी आणि खाली कागदावर काय पडतं ते पाहावं. सीटच्या फटीतून पावसाचं पाणी नळीत उतरतं, क्रँकच्या कवचात साचतं आणि तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या मुळाशी मुरतं. खाऱ्या हवेत हा गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आत काही उरलेलं नसतं. तपकिरी भुकटी पडली तर फ्रेम अजून कामाची आहे. पापुद्रे पडले तर ती नळी गेली. मग लहान हातोडीनं नळीच्या लांबीवर हलके ठोके देत जावं. शाबूत नळी खणखणते, पातळ झालेल्या जागी आवाज बद्द होतो, आणि हा फरक कानाला थोड्या सरावानं नक्की कळतो. शेवटी हँडलच्या सांध्याखाली, खालच्या तिरप्या नळीच्या पोटाकडून रंग खरवडून बघायचा. समोरून ठोकर खाल्लेल्या सायकलीत तिथे बारीक सुरकुती असते आणि पुष्कळदा ती नव्या रंगाखाली लपवलेली असते. सुरकुती दिसली की त्या फ्रेमचे हब, क्रँक, मडगार्ड, घंटी काढून घ्यावेत आणि सांगाडा भंगारात परत द्यावा. या धंद्यात जोडणाऱ्याची जितकी वाहवा होते तितकी नाकारणाऱ्याची होत नाही, पण गाडीवर बसणाऱ्याचा जीव नाकारणाऱ्याच्या हातात जास्त असतो.

सांधा नीट समजून घेतला तर इंजिन कुठे बसवावं हा प्रश्नही बराचसा सुटतो. जुन्या सायकलींच्या नळ्या सांध्याच्या खोबणीत, म्हणजे लगमध्ये, बसवून पितळेनं ब्रेझ केलेल्या असतात. ते पितळ टाकणखाराच्या साथीनं ९०० अंश सेल्सियसच्या आसपास पातळ होऊन फटीत शिरतं. पोलाद वितळायला १५०० अंशांच्या जवळ जावं लागतं, म्हणजे ब्रेझिंगमध्ये नळी स्वतः वितळत नाही. त्याच सांध्यावर घाईत आर्क वेल्डिंग मारलं तर जुनं पितळ वितळलेल्या पोलादात मिसळतं आणि नवा सांधा भेगाळतो. वरून तो जाडजूड, मजबूत दिसतो, म्हणून जास्तच फसवा. शिवाय वेल्डिंगच्या कडेची पातळ नळी इंजिनाच्या थरथरीनं थकते आणि काही महिन्यांनी बरोबर त्या कडेनंच चिरते. म्हणून इंजिनाचं बस्तान फ्रेमवर वेल्ड करू नये. नळीला कवेत घेणारे दोन अर्धे तुकडे टर्न करून, मध्ये रबर देऊन, बोल्टनं आवळावं. पुढेमागे मोटर काढून घेतली तर सायकल सायकल म्हणून उरते, हाही त्यात एक फायदा.

चेनच्या बाबतीत मोह आणखी मोठा आहे. सायकलच्या चेनची पिच अर्धा इंच, आणि आपल्याकडच्या पुष्कळ हलक्या मोटरसायकलींना लागणाऱ्या ४२८ नंबरच्या चेनचीही पिच अर्धाच इंच. फरक रुंदीत आहे: सायकलच्या चेनची आतली रुंदी एक अष्टमांश इंच, मोटरसायकलची पाच सोळांश. त्यामुळे दाते जरा पातळ केले की एकाचं चक्र दुसऱ्याच्या चेनला बसतं. बसतं म्हणून ते चालेलच असं नाही. सायकलची चेन, तिचं फ्रीव्हील, तिच्या हबमधले छर्रे, पायानं गाठता येईल त्या वेगाच्या अंदाजानं बनलेले असतात. खरी गोम ब्रेकची आहे. वेग दुप्पट झाला की थांबवताना जिरवायची ऊर्जा चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. ताशी १५ किलोमीटरनं जाणाऱ्या माणसासाठी केलेला दांडीचा ब्रेक, ज्याची रबरं रिमला खालून वर ओढली जातात, तो ताशी ४५ ला नऊपट काम करू शकत नाही. आणि आपल्या पावसात क्रोमच्या ओल्या रिमवर तर तो पहिल्या एकदोन फेऱ्यांत नुसता पाणी पुसत असतो. ज्याला दांडीच्या ब्रेकचं रूपडं हवं त्यानं ते जरूर ठेवावं. पण थांबण्याचं खरं काम हबमधल्या ड्रम ब्रेककडे द्यावं आणि वेग २५ च्या आत राखावा.

तीनचाकीत तर ब्रेकच्याही आधी वळण आहे. दुचाकी वळताना आत झुकते, तीनचाकी झुकत नाही. मागे दोन, पुढे एक, अशी जुन्या थाटाची गाडी घ्या. मागच्या चाकांमधलं अंतर ७५ सेंटिमीटर. माणूस बसल्यावर वजनाचा मध्य जमिनीपासून तेवढाच उंच. आणि तो मध्य मागच्या एक्सलपासून, पुढच्या-मागच्या एक्सलमधल्या अंतराच्या एक तृतीयांश पुढे. चारचाकीत उलटण्याविरुद्ध अर्धी रुंदी कामी येते, म्हणजे साडेसदतीस सेंटिमीटर. तीनचाकीचा पाया त्रिकोणी असतो आणि वजन जितकं पुढे सरकेल तितका तो निमुळता होतो. इथे हाती उरतात जेमतेम २५ सेंटिमीटर. हिशेब केला तर सहा मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १६ किलोमीटरच्या सुमारास आतलं चाक जमीन सोडू लागतं. वजनाचा मध्य ५० सेंटिमीटरवर उतरवला तर हाच आकडा साडेएकोणीसपर्यंत जातो. म्हणजे सीट खाली घ्या, बॅटरी एक्सलच्या पातळीला आणि मागे ठेवा, चाकांमधलं अंतर वाढवा, तरी हाताशी येतात ते ताशी थोडेच किलोमीटर. वाडीच्या तोंडाशी असलेली आपली काटकोनी वळणं याहून ऐसपैस क्वचितच असतात. इथे इंजिनाची ताकद वाढवून काय साधतं? सरळ रस्त्यावर कमावलेला वेग वळणाआधी पूर्ण टाकावाच लागतो, आणि तो टाकायला पुन्हा ब्रेकच लागतो. मागची दोन्ही चाकं एकाच घट्ट दांडीवर बसवली तर आणखी एक अडचण येते. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, दांडी त्याला ते कापू देत नाही, आणि गाडी सरळ जायला बघते. भंगारात गेलेल्या रिक्षाचा डिफरन्शियल मिळाला तर उत्तम. नाहीतर एकाच चाकाला जोर द्यावा आणि दुसरं मोकळं फिरू द्यावं. कमी वेगाच्या हलक्या गाडीला ते पुरतं. ब्रेक मात्र दोन्ही चाकांना हवेत.

हा आग्रह नवा नाही, उलट ज्यांच्या नकला आपण करतो त्या जुन्या गाड्यांचा तो स्वभावच होता. कार्ल बेंझनं २९ जानेवारी १८८६ रोजी पेटंट मागितलं ते तीन चाकांच्या गाडीसाठी. तिचं इंजिन एका अश्वशक्तीहूनही कमी आणि वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास. फ्रान्समध्ये द दियाँ-बुताँच्या ज्या ट्रायसिकलीनं १८९० च्या दशकाच्या अखेरीस रस्ते गाजवले तिचं छोटं इंजिन मागच्या एक्सलच्याही मागे बसवलेलं होतं, पायडल तशीच ठेवली होती, आणि सुरुवातीच्या गाड्यांची ताकद दोन अश्वशक्तींच्या आत होती. भंगारातून गाडी बांधण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १९४६ च्या जपानमधलं. हमामात्सुमध्ये सोइचिरो होंडांनी लष्कराच्या वायरलेस संचांसाठी बनलेली, युद्धानंतर पडून राहिलेली जनरेटरची इंजिनं विकत घेतली आणि ती साध्या सायकलींना लावली. पहिल्या नमुन्याची टाकी म्हणजे शेकायची गरम पाण्याची बाटली होती. आधी इंजिन पुढे बसवून रोलरनं पुढचं चाक फिरवून पाहिलं, टायर टिकेना, म्हणून इंजिन फ्रेमच्या मधोमध आणून पट्ट्यानं मागचं चाक फिरवलं. जुना भाग हाताशी होता म्हणून त्याची जागा ठरली नाही, टायर काय सोसतो त्यावरून ती ठरली. आपल्याकडे १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकनं आणलेली लूना याच कुळातली: ५० सीसी, पायडल शाबूत, शिक्षकांपासून दूधवाल्यांपर्यंत सगळ्यांना पेलणारी. उलट बाजूनं सौराष्ट्रातला छकडा बघा. पुढे बुलेटचं तोंड, डिझेल इंजिन, मागे हौदा, आणि त्यात बसतील तितकी माणसं. त्याच्या कल्पकतेबद्दल मला आदर आहे, पण तो नेमका ओझ्याच्या आणि इंजिनाच्या बाजूनं बांधला गेला, ब्रेकच्या नव्हे.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यवहाराचा. ताशी २५ किलोमीटरची गाडी आज घेणार कोण? त्याच पैशात जुनी स्कूटर येते. आक्षेप खरा आहे, पण तो चुकीच्या गिऱ्हाईकाला समोर ठेवून केलेला आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून वालीवहून चिंचोटीला जाणाऱ्यासाठी ही गाडी नाहीच, आणि तिथे तिनं जाऊही नये. गावातून स्टेशन, वाडीतून बाजार, घरातून चर्च किंवा देऊळ, अशी तीनचार किलोमीटरची ये-जा करणारा माणूस तिचा धनी. गुडघे दुखत असल्यानं सायकल सुटलेली, पण तोल जाण्याच्या भीतीनं स्कूटरवर न बसणारी वयस्कर मंडळी. भाजीच्या दोन करंड्या नेणारी बाई. शाळेच्या दारात खाऊ विकणारा. या माणसांच्या रस्त्यांवर सरासरी वेग तसाही वीसच्या पुढे जात नाही. त्यांच्या मापानं सीटची उंची, पाय टाकायची जागा, करंडीचं माप ठरवून दिलेली गाडी कुठलाही कारखाना देत नाही, कारण एकाच नगासाठी कारखाना साचा बनवत नाही. आमचा उपयोग आहे तो इथे.

दुसरा आक्षेप जुन्या सायकली जपणाऱ्यांचा, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. ते म्हणतात, तुम्ही वारसा कापता. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभारलेलं, २०१७ मध्ये खुलं झालेलं सायकल संग्रहालय पाहिलं की या म्हणण्याचं वजन कळतं. मूळ रंग, मूळ दिवे, मूळ घंटी असलेली जुनी सायकल एकदा कापली की परत मिळत नाही. म्हणून माझी रेघ स्पष्ट आहे. फ्रेमवरचा नंबर वाचता येतो, चिमटा, चाकं, क्रँक एकाच घराण्याचे आहेत, अशा सायकलीला ग्राइंडर लावायचा नाही; तिचं ओव्हरहॉलिंग करायचं, गंज थांबवायचा आणि तिला तिच्या रूपात ठेवायचं. ज्या सायकलीचे भाग आधीच विखुरले आहेत, जिची फ्रेम एका ठिकाणी आणि चाकं तिसऱ्याच ठिकाणी गेली आहेत, ती वितळवण्याच्या भट्टीत जाणारच असते. तिच्या हबला दुसऱ्या गाडीत फिरायला मिळालं तर त्यात वारशाची हानी नाही. फक्त एक भान ठेवावं: अशी गाडी जुनी म्हणून विकू नये. तिच्या टाकीवर एखाद्या नामवंत कंपनीचं स्टिकर चिकटवणं ही फसवणूक आहे, मग गिऱ्हाईकानं ते कितीही हौसेनं मागितलं असो.

जुने भाग कमजोर असतात, असंही म्हटलं जातं. ते सरसकट खरं नाही आणि सरसकट खोटंही नाही. जाड मऊ पोलादाची शाबूत नळी, पोलादी हब, चामड्याची सीट, मडगार्ड, दिव्याचं कवच हे भाग जुने असले तरी उत्तम. झिजून, थकून किंवा सुकून निकामी होणारं सगळं नवंच हवं: टायर, ट्यूब, आरे, ब्रेकची रबरं आणि वायर, चेन, छर्रे, कॉटर पिन. आणि बॅटरी. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियमचे सेल जोडून पॅक बनवायची हौस हल्ली वाढली आहे. सेलची आतली अवस्था बाहेरून ठोकून कळत नाही, आणि एक बिघडलेला सेल सगळा पॅक पेटवू शकतो. तो पॅक माणसाच्या सीटखाली असतो. याबाबतीत मी कसलीही तडजोड मानत नाही.

कायद्याचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि तो टाळून या कामाची भलामण करणं बेजबाबदारपणाचं होईल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची गाडी मोटार वाहनात मोडत नाही. त्याच्या वर गेलात की नोंदणी आली. सायकलला लावायचे बहुतेक पेट्रोल संच या मर्यादेच्या बरेच पुढचे असतात. नोंदणी झालेल्या गाडीत मूळ निर्मात्याच्या तपशिलाबाहेर बदल करायला कलम ५२ आडवं येतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. २०२१ मध्ये विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आले, पण ते ५० वर्षांहून जुन्या, मुळात फेरफार न केलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी. जुन्या ढंगाच्या नव्या तीनचाकीला त्यात जागा नाही. उरते ती विजेची वाट, तीही दुचाकीपुरती. मोटरची शक्ती पाव किलोवॉटहून कमी, वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक, एवढं पाळणारी दुचाकी केंद्रीय नियमांप्रमाणे मोटार वाहन ठरत नाही. भूमिती आणि धातू ज्या वेगाशी आपल्याला आणून ठेवतात, नियमाची रेघही तिथेच आहे, हे मला योगायोग वाटत नाही. फक्त अडचण अशी की या अटी पाळल्याचं अधिकृत चाचणी संस्थेनं तपासलेलं असावं लागतं. पुण्याची एआरएआय त्यांपैकी एक. ही व्यवस्था हजारो नग काढणाऱ्या कारखान्याच्या सोयीची आहे. गाळ्यात एकेक गाडी बांधणाऱ्याला तिथपर्यंत जाणं परवडत नाही. परिणामी नियम पाळून बांधलेली हळू गाडी आणि नियम धाब्यावर बसवून बांधलेली ८० सीसीची सायकल, दोन्ही रस्त्यावर सारख्याच बेकायदा ठरतात आणि नीट बांधणाऱ्याला नीट बांधण्याचं काही कारण उरत नाही.

यावर सुटका जुगाडाचा उदोउदो करून होणार नाही. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं, आणि ज्या गाडीवर दुसरा माणूस बसणार आहे तिथे वेळ मारून नेता येत नाही. सुटका तपासणीत आहे. ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्या बांधलेल्या गाडीची स्वतंत्र तपासणी करून ती मान्य करण्याची पद्धत आहे. आपल्याकडे निदान २५ किलोमीटरच्या आतल्या गाड्यांसाठी ती जिल्हा पातळीवर सुरू व्हायला काय हरकत आहे? गाडी वजनकाट्यावर चढवावी, ओल्या सिमेंटवर ठरलेल्या वेगातून किती मीटरमध्ये थांबते ते मोजावं, सहा मीटरच्या गोलात दोन्ही अंगांनी फिरवून आतलं चाक उचलतं का पाहावं, मोटर २५ ला आपोआप बंद होते का तपासावं, सांध्यांवरचा रंग दोन ठिकाणी खरवडून दाखवायला लावावं. त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत, अर्धा दिवसही लागत नाही. एमएच-४८ च्या, म्हणजे आमच्या वसईच्या आरटीओ कार्यालयात असा एक दिवस महिन्यातून ठेवला, तर नापास होण्याची तयारी ठेवून मी माझी गाडी पहिल्या रांगेत आणीन.